इंदूर: मोठ्या माणसांच्या लसी (न्यूमोनिया, फ्लू, नागीण) सरकारीत मिळतात का?

लोकमान्यनगरकर:
नमस्कार मंडळी. बाबा ७१ चे आहेत, पंधराएक वर्षांपासून शुगर. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी सहज विचारलं न्यूमोनियाची लस घेतलीये का, तर आम्ही नुसते एकमेकांकडे बघत बसलो. मग त्यांनी चिठ्ठीवर तीन लसी लिहून दिल्या. मेडिकलवाल्याने हिशोब सांगितला तो असा, न्यूमोनियाची चारेक हजार, फ्लूची दोनच्या आत आणि नागिणीचा एक डोस दहा हजाराच्या घरात आणि ते दोन घ्यायचे. म्हणजे एकट्या बाबांचे पंचवीस-सव्वीस हजार, आई ६७ ची, तिचं वेगळंच. असो, आमचं होईल कसंबसं. पण स्वयंपाकाला येणाऱ्या बाई आहेत, साठीच्या, त्यांनाही शुगर, आणि थंडीत खोकला धरला की महिना महिना सुटत नाही. आमचं बोलणं ऐकून त्यांनी विचारलं, "भैया, ये सुई सरकारी में लगेगी क्या?" मला काही सांगताच येईना. नातवाला सगळं फुकट टोचलं होतं म्हणाल्या. कुणाला माहितीये का?

रिटायर्ड_सिस्टर:
सगळी नोकरी लसीकरणात गेली म्हणून सरळच सांगते, नाही मिळणार. सरकारी लसीकरण म्हणजे मुख्यतः बाळं, गरोदर बायका आणि १० नि १६ वर्षांच्या मुलांना टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस). मोठ्या माणसाला फुकट काय, तर लागलं-कापलं की धनुर्वाताचं इंजेक्शन आणि कुत्रं चावलं की रेबीजचं, त्यासाठी लाल हॉस्पिटल (हुकुमचंद पॉलीक्लिनिक) अख्ख्या इंदुरला तोंडपाठ आहे. हजला जाणाऱ्यांना मेंदुज्वराची लस मिळते, त्यातल्या वयस्करांना फ्लूचीही, म्हणजे द्यायचं मनात आणलं की देता येतं.

बाईंच्या नातवाचं खरंय. त्याला दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्यात न्यूमोनियाची लस (पीसीव्ही) फुकट मिळाली असणार, देशभर ती २०२१ पासून सुरू झाली, आपल्या मध्य प्रदेशात त्याच्याही आधी. त्याच रोगाची लस आजीला हवी असेल तर चार हजार काढा.

बाबांचं म्हणाल तर सगळं एका महिन्यात उरकायची गरज नाही. फ्लू आणि न्यूमोनिया आधी घ्या, दोन्ही एकाच दिवशी दोन दंडांवर चालतात. आपल्याकडे फ्लू दोनदा डोकं वर काढतो, पावसाळ्यात आणि जानेवारी ते मार्च, म्हणून पावसाच्या आधी घेतलेली बरी. नागिणीची पैसे जमतील तशी, दुसरा डोस दोन ते सहा महिन्यांत. हात दुखतो, एखाद दिवस ताप येतो, घाबरू नका.

देपालपूरवाला:
पैसे असले तरी सगळीकडे मिळत नाही हो. आमचे काका ७४ चे, गावी असतात, पैसे हातात घेऊन फिरलो तर इथला मेडिकलवाला म्हणे मागवून देतो पण परत घेणार नाही. मग चाळीसेक किलोमीटर इंदुरात, दवा बाजारातून लस घेतली, थर्मासात बर्फ घालून बसने परत आणली आणि इथल्या डॉक्टरांनी टोचायलाच नकार दिला, म्हणे २ ते ८ डिग्रीत राहिली की मधे गोठली मला काय माहीत. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. पण पैसे गेले ते गेलेच, आणि काका आता विषयच काढू देत नाहीत.

पोहे_जिरावन:
आमचे आजोबा ९० वर्षं जगले एकही लस न घेता. सगळे डॉक्टरांचे धंदे आहेत.

स्नेहलतागंजकर:
@पोहे_जिरावन भाऊ, आजोबांच्या दंडावर देवीच्या लसीचा वण असणार, आठवून बघ.
माझ्या आईला ६६ व्या वर्षी नागीण झाली, पुरळ तीन आठवड्यांत गेली पण आग आठ महिने राहिली, बरगडीला ब्लाउज लागला तरी कळवळायची. त्या आठ महिन्यांत गोळ्या, तेलं, मलमं यावर किती गेले ते मोजलंच नाही, लस आहे हे तेव्हा आम्हाला सांगणारंच कुणी नव्हतं. लसीची किंमत ही दुसरी अडचण, पहिली म्हणजे कुणी सांगतच नाही. २०१७-१८ च्या लासी सर्वेक्षणात (देशभरातल्या वयस्करांच्या तब्येतीची पाहणी) ४५ च्या वरच्या लोकांमध्ये फ्लूची किंवा न्यूमोनियाची लस घेतलेले शंभरात दोनसुद्धा नव्हते.
आणि आपलंच इंदूर बघा ना, २०२१ मध्ये ऑगस्ट संपेपर्यंत कोरोनाच्या लसीचा पहिला डोस जवळजवळ सगळ्यांना देऊन मोकळं झालं होतं. भाजीवाला, रिक्षावाला, बंगलेवाला सगळे एकाच रांगेत, कुणी पैसे विचारले नाहीत. आता ७० च्या वरच्यांना आयुष्मान कार्डवर पाच लाखांपर्यंत उपचार आहे, म्हणजे न्यूमोनिया होऊन ॲडमिट झालात तर सरकार भरणार पण तो होऊ नये म्हणून टोचायचं तर खिशातून.

लोकमान्यनगरकर:
सगळ्यांचे आभार. बाबांना फ्लू नि न्यूमोनिया दोन्ही दिल्या काल, आईला पुढच्या महिन्यात. बाईंना म्हटलं तुमच्या फ्लूच्या लसीचे मी भरतो, तर त्या म्हणाल्या, "इतने में तो घर का राशन आ जाएगा भैया, वही दे दो." मला काही बोलताच येईना. शेवटी त्यांच्या सुनेने समजावलं तेव्हा लस घ्यायला आल्या. न्यूमोनियाची मात्र राहिलीये, शेजारच्या दोन घरीही त्या जातात, तिघांत मिळून करावी म्हणतोय. एक विचारायचंय सिस्टर, फ्लूची एकदा घेतली की किती वर्षं चालते?

रिटायर्ड_सिस्टर:
एकच. दरवर्षी घ्यावी लागते, विषाणू बदलतो. बाईंना आत्ताच सांगून ठेवा, आणि शेजाऱ्यांनाही.