मदत हवी आहे: सीरमच्या लेबलवर 'डाग' हा शब्द चालेल का?

नमस्कार मंडळी. ५ टक्के नियासिनामाइडचं (व्हिटॅमिन बी३ चा एक प्रकार) फेस सीरम आणतोय. उत्पादन दुसऱ्याच्या कारखान्यात, त्यांच्याकडे कॉस्मेटिक्स बनवण्याचं सीओएस-८ लायसन्स आहे. पीएच मुद्दाम ६ च्या आसपास ठेवलाय, कारण तो फार खाली गेला की नियासिनामाइडचं निकोटिनिक ॲसिड होऊ लागतं आणि चेहरा लाल होतो. ४० अंशांवर तीन महिने ठेवलेल्या बाटल्या ठीक आहेत, पॅच टेस्टही झाली. म्हणजे माल तयार आहे, घोडं अडलंय ते लेबलवर.

पहिल्या मसुद्यात मी 'पिगमेंटेशन बरं करतं' असं लिहिलं होतं. कारखानदाराने लाल पेनाने खोडलं. त्याचं बरोबरच आहे, 'बरं करतं' म्हटलं की ते औषध झालं. आता 'काळे डाग कमी दिसायला मदत' असं लिहिलंय, तर त्यावरही तो कां कूं करतोय. त्याला नुसतं 'त्वचा उजळ' हवंय, आणि मला गोरेपणाच्या वाटेला अजिबात जायचं नाही.

नियासिनामाइडवरचे प्रसिद्ध अभ्यास गोळा केलेत, पण ते घटकावरचे आहेत, माझ्या बाटलीवरचे नाहीत. स्वतःच्या चाचणीसाठी बजेट जेमतेम ३० जणांचं आहे. विक्री फक्त भारतात, ऑनलाइन, निर्यात नाही.

ज्यांनी कॉस्मेटिक्स रूल्स २०२० खाली माल बाजारात आणलाय त्यांना विचारतो: हे 'काळे डाग' वालं वाक्य लेबलवर चालतं का? आणि दाव्याला आधार म्हणून घटकावरचे अभ्यास पुरतात, की तयार मालाचीच चाचणी लागते?