मदत हवी आहे: कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) ओहोळावर वीज करता येईल का?

सत्तरीकर
पावसात लाईनवर झाड पडलं की आमच्या वाड्यावर दोन-दोन दिवस काळोख. घरामागून ओहोळ धो धो वाहतो. नॉर्वेची जवळपास सगळी वीज पाण्यावर, पॅराग्वेचीही. मग पाणी दारात असून आम्ही मेणबत्त्या का लावायच्या? लहान टर्बाईन कुठे मिळेल तेवढं सांगा.

पंपवाला
पाणी किती उंचीवरून खाली येतं? सेकंदाला किती लिटर? त्याशिवाय काय सांगणार?

फोंडेकर
सोलार बसवा, विषय संपला. मी ३ किलोवॅटचं बसवलं, ७८ हजार अनुदान मिळालं. बिल नावापुरतं येतं.

पंपवाला
@फोंडेकर, बाब, बॅटरी नसलेलं सोलार लाईन गेली की आपोआप बंद होतं, खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक लागू नये म्हणून. यांना बिलाचा त्रास नाही, काळोखाचा आहे.

फोंडेकर
मग हायब्रिड घ्या, बॅटरीसकट. पण सोलारच.

मोलेची लेक
गोव्याची बहुतेक वीज बाहेरून येते. त्या तारांसाठी मोलेचं जंगल कापू नका म्हणून आम्ही २०२० पासून ओरडतोय. घराघरात अशी वीज झाली तर मला हवीच आहे.

भूगोलाचा मास्तर
पाणी आहे म्हणजे वीज आली असं नव्हे. आफ्रिकेत लोकशाही प्रजासत्ताक काँगोमध्ये काँगो नदीवर इंगा इथे प्रचंड जलविद्युत होऊ शकते, तरी त्या देशात पाचातल्या एकाच्याच आसपास माणसाला वीज मिळते. पाण्याला धरण, तारा आणि पैसा लागतो. पॅराग्वेला ब्राझीलबरोबर १४,००० मेगावॅटचं इताइपू धरण बांधता आलं, आपल्या वाट्याची उरलेली वीज तो विकतो. नॉर्वेत डोंगरावरच्या तळ्यांत पाणी साठतं, ते हिवाळाभर पुरवून वापरतात. आपला पाऊस चार महिन्यांत पडून समुद्राला मिळतो. तुमचा ओहोळ मे महिन्यात वाहतो का?

सत्तरीकर
नाही, शिमग्याआधीच आटतो. मला वीज पावसातच हवी, म्हणून लिहिलं नाही. आज मोजलं: बांधापासून खाली १० मीटर उतार. पाईपाखाली २० लिटरची बादली दोन सेकंदांत भरली.

पंपवाला
म्हणजे सेकंदाला १० लिटर. कागदावर ९८० वॅट, हाती त्याच्या निम्मे धरा. दिवे, दोन पंखे, मोबाईल, इंटरनेटचा डबा निभेल. फ्रीज लावू नका. पाईपाच्या तोंडाला जाळी हवीच, पोफळीची पानं अडकून टर्बाईन बंद पडतं. पाईप किती लांब?

सत्तरीकर
६० मीटर.

पंपवाला
११० मिलिमीटरचा चालेल. ओहोळाचं पाणी खाली कोणाच्या कुळागराला जातं?

सत्तरीकर
काकांच्या. टर्बाईनमधून सुटलेलं पाणी त्यांच्या पाटाच्या वरच ओहोळात सोडायला जागा आहे. संध्याकाळी त्यांच्याकडे जातो. जाळीचं माप सांगून ठेवा.