जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषद

वर एकांनी 'जिल्हाधिकारीच जिल्हा परिषदेचे प्रमुख' असं लिहिलंय. तसं नाही, आणि गंमत तिथेच आहे. पंचायत राज कसं असावं हे सुचवायला केंद्राने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने (१९५७) परिषदेचं अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे ठेवायला सुचवलं होतं. आपल्याकडे महाराष्ट्रात याच कामासाठी नेमलेल्या वसंतराव नाईक समितीने ते मानलं नाही. जिल्हाधिकाऱ्यांना परिषदेबाहेरच ठेवून कारभारासाठी वेगळा मुख्य कार्यकारी अधिकारी नेमायचा, अध्यक्ष मात्र निवडून आलेल्या सदस्यांमधलाच, असं ठरलं. मला तरी हा त्या अहवालातला सगळ्यात धाडसी भाग वाटतो. १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्याआधी इंग्रजांच्या काळापासूनची जिल्हा लोकल बोर्डं होती. आमच्या आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत 'बोर्डाची शाळा'च!

रचनेबद्दल थोडं: गटांतून (म्हणजे परिषदेच्या मतदारसंघांतून) थेट निवडून आलेले सदस्य, शिवाय पंचायत समित्यांचे सभापती पदसिद्ध. एका गटात पंचायत समितीचे दोन गण, म्हणजे तिचे मतदारसंघ. अध्यक्षांची मुदत अडीच वर्षं, त्यामुळे निम्म्या वाटेवर पुन्हा जुळवाजुळव आलीच. महिलांना निम्म्या जागा २०११ पासून. मुंबई शहर आणि उपनगर सोडून बाकी सगळ्या जिल्ह्यांत परिषद आहे. २०१४ ला ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघरचीही स्वतंत्र आहे.