एकट्याने गेम करायचा तर गोडोच घ्यावं, युनिटी नको. पटतंय का?

गडवाट (धागाकर्ता)

गोडो आणि युनिटी ही दोन्ही गेम इंजिनं, म्हणजे गेम बनवायची सॉफ्टवेअर. एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून गेम करणाऱ्यांनी आज सुरुवात गोडोनेच करावी, आणि गेम मराठीत असेल तर दुसरीकडे वळण्याआधी दहादा विचार करावा, असं माझं ठाम मत आहे. दोन कारणं देतो. खोडता आली तर जरूर खोडा.

पहिलं परवान्याचं. १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीने जाहीर केलं की १ जानेवारी २०२४ पासून कमाईचा आणि इन्स्टॉलचा ठरावीक टप्पा ओलांडलेल्या गेमला प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे पैसे मोजावे लागतील, जास्तीत जास्त २० सेंट. आधीच बाजारात आलेल्या गेमही त्यात धरल्या होत्या. जगभरातून ओरड झाली, दहा दिवसांत अटी सैल झाल्या, ऑक्टोबरात मुख्याधिकारी जॉन रिचिटिएलो पायउतार झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती आकारणीच रद्द झाली. पण तीन-चार वर्षं खपून केलेल्या कामाच्या अटी दुसरा कुणी एका रात्रीत बदलू शकतो, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. गोडो २०१४ पासून एमआयटी परवान्याखाली (कुणीही फुकट वापरा, बदला, वाटा अशी मोकळीक देणारा परवाना) आहे. उद्या ते चालवणारे लोक बदलले तरी आज माझ्या डिस्कवर असलेली प्रत माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

दुसरं कारण देवनागरीचं. गोडो ३ मध्ये "किल्ला" लिहिलं की ऱ्हस्व वेलांटी क च्या उजवीकडे पडायची आणि जोडाक्षराऐवजी पाय मोडलेला ल दिसायचा. मार्च २०२३ मध्ये आलेल्या ४.० पासून अक्षरजुळणीचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते, त्यामुळे मजकूर ब्राउझरमध्ये दिसतो तसाच गेममध्ये दिसतो. शिवाय लेबलला मराठी भाषेचा कोड दिला, की ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श दिलेले आहेत तिथे तेच उमटतात, हिंदी वळणाचे नाही. पोरांना वाचायला द्यायचा गेम असेल तर मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

रात्रपाळी

असहमत. मी मोबाइल गेमच्या कंपनीत काम करतो आणि घरी स्वतःचाही गेम करतो, त्या अनुभवावरून लिहितोय.

ती आकारणी रद्द झाली, विषय संपला. आज युनिटीची पर्सनल आवृत्ती वर्षाला २ लाख डॉलर उत्पन्नापर्यंत फुकट आहे. एवढं कमावल्यावर परवान्याचे पैसे देताना कुणी रडणार नाही. प्रश्न कमाई सुरू कशी होणार हा आहे. आपल्याकडे लोक गेम विकत घेत नाहीत, पैसा जाहिरातींतून येतो. अ‍ॅडमॉब आणि फायरबेस (जाहिराती आणि गेमच्या डेटासाठीच्या गूगलच्या सेवा) या दोन्हींची युनिटीसाठीची प्लगइन (इंजिनाला जोडायचे तयार भाग) खुद्द गूगल सांभाळतं. गोडोसाठी तुम्ही कुणा हौशी माणसाच्या प्लगइनवर विसंबता, आणि त्याला नोकरी लागली की तुमचं अपडेट अडकतं. हा धोका परवान्याच्या धोक्यापेक्षा रोजचा आहे.

दुसरं म्हणजे नोकरी. गेम चालला नाही तर युनिटीचा अनुभव बायोडेटावर कामाला येतो. एकट्याने उडी मारणाऱ्याला हा आधार लागतो.

देवनागरीचं म्हणाल तर युनिटी ६ च्या यूआय टूलकिटमध्ये (बटणं, मजकूर मांडायचं साधन) नवा अ‍ॅडव्हान्स्ड टेक्स्ट जनरेटर आला आहे, तोही हार्फबझवरच चालतो. त्याआधीही लोक युनिकोड मजकूर कृतिदेवसारख्या युनिकोडआधीच्या जुन्या फॉन्टच्या कळांमध्ये बदलून काम भागवतच होते.

गडवाट

कृतिदेवच्या वाटेला कृपा करून कुणी जाऊ नका. खेळणाऱ्याने स्वतःचं नाव टाइप केलं की ते युनिकोडमध्ये येतं, ते प्रत्येक वेळी बदलत बसायचं. फॉन्ट बदलला की अक्षरं बदलायचे सगळे तक्ते नव्याने. इंग्रजी शब्द मध्ये आला की कचरा. यूआय टूलकिटचा मुद्दा मान्य, पण बाजारातली बहुतेक तयार प्लगइन आणि शिकवण्या अजून टेक्स्टमेशप्रोवर (युनिटीत मजकूर दाखवायचं आधीचं साधन) बेतलेल्या आहेत आणि तिथे देवनागरी आजही मोडते.

आणि नुसतं दिसून भागत नाही. संवाद एकेक अक्षर उमटत जायचा परिणाम बघा. "किती" लिहिताना आधी क येतो, मग डावीकडे वेलांटी घुसते आणि क उजवीकडे सरकतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होतो. गोडोच्या लेबलमध्ये मजकूर जुळणीआधी छाटायचा की जुळणीनंतर, हे निवडता येतं. नंतरचा पर्याय घेतला की अक्षरं जागची हलत नाहीत. हे आपल्या लिपीसाठी केलेलं काम आहे आणि ते फुकट मिळतंय.

शाईदौत

मी तुम्हा दोघांशीही असहमत आहे. इंजिन हा पहिला प्रश्नच नाही.

मी गोष्टी लिहिते आणि मला गेममध्ये गोष्टच सांगायची आहे. माझ्यासारखीने ट्वाइन हे फांद्या फुटणाऱ्या गोष्टी लिहायचं साधन उघडावं. २००९ पासून आहे, फुकट आहे, आणि तयार होते ती साधी एचटीएमएल फाइल. देवनागरी ब्राउझर दाखवतो, म्हणजे तुम्ही वर ज्यावर वाद घालताय तो प्रश्न उद्भवतच नाही. फाइल कुणालाही पाठवा, फोनवर उघडते. फांद्या फार वाढल्या तर इंक या कथानक लिहायच्या भाषेकडे जावं. इंकल या स्टुडिओने स्वतःच्या गेमसाठी ती भाषा केली आणि २०१६ मध्ये एमआयटी परवान्याखाली खुली केली. त्यात लिहिलेलं कथानक साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहतं, नंतर युनिटीत न्या नाहीतर गोडोत.

आपल्याकडची मंडळी आधी इंजिन शिकतात, मग उड्या मारणारा चौकोन करतात आणि संवाद शेवटच्या आठवड्यात कसेबसे भरतात. मराठी गेममधलं मराठी इतकं कोरडं का असतं, याचं उत्तर मला इथेच दिसतं.

तिसरी मिती

धाग्याचं शीर्षकच चुकतंय, कारण "गेम" म्हणजे फक्त टूडी नव्हे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची "राजी" २०२० मध्ये आली, आधी निन्टेंडो स्विचवर. केली अनरियल या इंजिनात. तो प्रकाश, ती वास्तुशिल्पं बघा आणि मग गोडोचं नाव घ्या. अनरियल पहिल्या १० लाख डॉलरपर्यंत काहीच मागत नाही, त्यापुढे ५ टक्के.

कन्सोलचंही (स्विचसारख्या खेळायच्या यंत्रांचं) कुणी बोललेलं नाही. गोडोमधून थेट कन्सोलसाठी निर्यात होत नाही. कन्सोल कंपन्यांची साधनं गोपनीयतेच्या करारात बांधलेली असतात, ती उघड्या सोर्समध्ये टाकता येत नाहीत. म्हणजे शेवटी बाहेरच्या कुणाला तरी पैसे देऊन पोर्ट करून घ्यायचा. मग फुकट कुठे राहिलं?

गडवाट

कन्सोलचं बरोबर आहे, तिथे पैसे मोजावे लागतात. पण वाट बंद नाही: कॅसेट बीस्ट्स, ब्रोटाटो हे गोडोत केलेले गेम कन्सोलवर आहेत. "राजी"बद्दल आदरच आहे, पण तो एकट्यादुकट्याचा प्रकल्प नव्हता. मी मुद्दाम एकट्यांबद्दल लिहिलं आहे.

माळरान

मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो. इथली चर्चा वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या लॅबमधल्या मशीन ४ जीबीच्या आहेत. युनिटी उतरवायला कित्येक जीबी लागतात, हब (युनिटी सांभाळायचं वेगळं सॉफ्टवेअर) लागतं, खातं लागतं, अँड्रॉइडची साधनं वेगळी. गोडो शे-दीडशे एमबीच्या आसपास, झिप उघडली की सुरू. इन्स्टॉल करावं लागत नाही म्हणून अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागायला ऑफिसात जावं लागत नाही. जुन्या ग्राफिक्सवर मात्र प्रकल्प उघडताना "कम्पॅटिबिलिटी" रेंडरर (पडद्यावर चित्र काढायची पद्धत) निवडा, नाहीतर व्हल्कन ही नवी ग्राफिक्स प्रणाली नाही म्हणून अडू शकतं. ज्या मुलींकडे घरी संगणकच नाही त्या अँड्रॉइडवरचं गोडो एडिटर वापरतात. छोट्या पडद्यावर अवघड जातं, तरी करतात.

रात्रपाळी, बायोडेट्याचा मुद्दा शहरात खरा असेल. आमच्याकडे प्रश्न सुरुवात तरी करता येते का, इथपर्यंतच येतो. युनिटीत ती करता येत नाही.

कुंचला

बालात्रो हा गेम लव्ह नावाच्या छोट्या लुआ फ्रेमवर्कमध्ये झाला, अंडरटेल गेममेकरमध्ये, व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्सची पहिली आवृत्ती फेझरवर. इंजिनावरून इतकं भांडण कशाला? माझ्या मते खरा फरक आजूबाजूच्या साधनांनी पडतो आणि त्यात पहिलं नाव गिट (कामातल्या बदलांची नोंद आणि जुन्या प्रती ठेवणारं साधन).

ओळखीतल्या एकाने गेमचं सगळं काम एकाच लॅपटॉपवर ठेवलं होतं. डिस्क गेली, गेम गेला, तो पुन्हा बसला नाही. गिटहबवर खाजगी रिपॉझिटरी (कामाची ऑनलाइन साठवण) फुकट मिळते. फक्त गिटहब १०० एमबीहून मोठी फाइल घेत नाही, म्हणून मोठे आवाज आणि चित्रं एलएफएसमध्ये (मोठ्या फाइलसाठीची गिटची सोय) टाका. (गोडोचे सीन साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात, काल काय बदललं ते वाचून कळतं. गडवाट यांना हा मुद्दा माझ्याकडून.)

बाकी भराभर सांगते. चित्रांसाठी क्रिता, पिक्सेल आर्टला एसप्राइट, ते विकत नको तर लिब्रेस्प्राइट. नकाशांना टाइल्ड किंवा एलडीटीके. थ्रीडीला ब्लेंडर. सुरुवातीच्या आवाजांना बीएफएक्सआर, संपादनाला ऑडॅसिटी. चित्र काढता येत नसेल तर केनीचे तयार चित्रांचे संच, ते सीसी-झिरो आहेत, नावही द्यावं लागत नाही.

फॉन्टकडे मात्र नीट लक्ष द्या. संगणकात आहे म्हणून कुठलाही मराठी फॉन्ट गेममध्ये बांधून विकता येत नाही. मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि बलू हे खुल्या फॉन्ट परवान्यात आहेत. मुक्त लांब मजकुराला छान, बलू शीर्षकांना.

रात्रपाळी

माळरान यांचा मुद्दा मला मान्य आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. बाकी मत तेच. ज्याला यातून पोट भरायचंय त्याने जाहिराती आणि अ‍ॅपमधली खरेदी यांचं काय, हे आधी विचारावं. आणि प्ले स्टोअरवर नवं वैयक्तिक खातं काढणाऱ्यांनो, २५ डॉलर भरले की झालं असं समजू नका. आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद (निवडक लोकांपुरती) चाचणी करून घ्यावी लागते. तिथे कुठलंच इंजिन मदतीला येत नाही, माणसं लागतात.

गोडोमधून अ‍ॅपमधली खरेदी कुणी प्रत्यक्ष चालवली असेल तर इथे लिहा. प्लगइन कुठलं आणि अँड्रॉइडची नवी आवृत्ती आल्यावर ते किती दिवसांत सुधारलं, एवढं सांगा. तेवढ्यावर मी मत बदलायला तयार आहे.

गडवाट

मी खरेदी चालवलेली नाही, जाहिरातीही नाहीत. माझा गेम एकदाच पैसे देऊन घ्यायचा असेल, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या कुणीतरी द्यावं.

तोवर सगळ्यांना विनंती: आपापल्या इंजिनात "दऱ्याखोऱ्यांतल्या किल्ल्यावर तुऱ्याच्या कोंबड्यांची झुंज" ही एक ओळ टाका, स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर चालवा आणि स्क्रीनशॉट इथे द्या. ऱ्या मधला अर्धा र पापणीसारखा आलाय का, ल्ल्या जुळलाय का आणि मराठी ल मिळालाय का, एवढंच बघायचं. इंजिनाची आवृत्ती आणि फॉन्टचं नाव लिहायला विसरू नका.