दह्याच्या साबणात पांढरे कण आले आहेत, दही की कॉस्टिक? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईची त्वचा फार कोरडी पडते, म्हणून तिच्यासाठी दह्याचा साबण करायला घेतलाय. दुसऱ्या घाण्याच्या वड्या कापल्या तर आत टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे कण दिसले. ते दह्याचे असतील तर चालेल. पण न विरघळलेला कॉस्टिक सोडा (तेलाचा साबण करतो, पण मोकळा राहिला तर त्वचा भाजतो) असेल तर ती वडी आईच्या हातात द्यायचीच नाही. हे ओळखायचं कसं?

पहिल्या घाण्यात पाणी न घेता सगळं दहीच घेतलं होतं आणि त्यात थोडा थोडा सोडा टाकला. दोन मिनिटांत दही पिवळं, मग विटकरी झालं आणि अमोनियासारखा उग्र वास सुटला. सोडा विरघळताना इतकी उष्णता निघते की दह्यातली साखर करपते, हे नंतर कळलं. दही गोठवून त्यावर सोडा टाकायचीही पद्धत आहे, पण मला अर्धं पाणी, अर्धं दही हेच भरवशाचं वाटलं.

म्हणून दुसऱ्यांदा असं केलं: ऑलिव्ह तेल 600 ग्रॅम, खोबरेल 300, एरंडेल 100. एवढ्या तेलांना साधारण 149 ग्रॅम सोडा लागतो. 5 टक्के तेल साबण न होता मोकळं राहावं म्हणून 141 घेतला आणि 150 ग्रॅम पाण्यात विरघळवला. (सोडा पाण्यात टाकला, पाणी सोड्यात नाही. चष्मा, हातमोजे, स्टीलचं भांडं, सगळं पाळलं.) निवलेलं द्रावण तेलात ओतून ब्लेंडर फिरवला. ब्लेंडर उचलल्यावर पडलेली धार वर उमटून राहू लागली तेव्हा फ्रिजमधून काढलेलं 150 ग्रॅम दही तसंच घातलं. मिश्रण एकदम घट्ट झालं, साच्यात चमच्याने थापावं लागलं. मग टॉवेल गुंडाळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी वर लांब भेग होती आणि कापल्यावर मधोमध गडद गोल, कडेला फिकट.

आणखी एक, दह्याच्या आंबटपणामुळे सोडा वाढवायला हवा होता का? पुढे लोणीही घालून पाहायचं आहे.

प्रतिसाद:

तुमची शंका रास्त आहे. 141 ग्रॅम सोड्याला 150 ग्रॅम पाणी म्हणजे जेमतेमच, त्यामुळे तळाशी खडे राहू शकतात. द्रावण स्टीलच्या गाळणीतून गाळलं होतं का?

हातमोजे घालून सुईने एक कण उकरा आणि चिमटीत दाबा. दह्याचा कण मऊ, थोडा रबरासारखा लागतो. मेणासारखा दबला तर थंड दह्याने गोठलेल्या तेलाचा असू शकतो. मिठाच्या खड्यासारखा कडक असेल किंवा त्या जागी ओल पाझरत असेल तर सोडा समजा, आणि जिभेची चाचणी करूच नका. मऊ कणांसाठी मात्र ती कामाची आहे: ओलं बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला पुसटसं लावायचं. मोकळा सोडा असेल तर विजेसारखा झटका बसतो, नाहीतर नुसती साबणाची चव येते. पीएच पट्टीवर विसंबू नका, चांगला साबणही 9 ते 10 च्या आसपासच असतो.

सोडा वाढवू नका. दह्यात साधारण 1 टक्का लॅक्टिक आम्ल धरलं तर 150 ग्रॅमला जेमतेम 0.7 ग्रॅम सोडा खर्च होतो. दह्यातली चरबी 4 टक्के धरली तर आणखी 1 ग्रॅम. म्हणजे मोकळं तेल 5 चं 6 टक्के झालं, कोरड्या त्वचेला ते बरंच. त्या आम्लाचं सोडियम लॅक्टेट होतं आणि त्याने वडी उलट टणक होते. लोण्याचं गणित वेगळं. त्यात 80 टक्क्यांच्या आसपास चरबी असते, ती तेलात धरूनच सोडा काढावा लागतो.

पुढच्या वेळी दही फ्रिजबाहेर काढून ठेवा, गाळून घ्या आणि सोडा ओतण्याआधीच तेलात घुसळा. टॉवेल नको. दह्यातल्या साखरेने साबण आतून जास्त तापतो, गडद गोल आणि भेग त्याचीच. साचा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा.

धागाकर्ती:

मनापासून आभार. द्रावण गाळलं नव्हतं. चार वड्यांतून अकरा कण काढले. दहा मऊ निघाले, त्या जागी जिभेला काही झोंबलं नाही. भेगेजवळचा एक मात्र कडक होता, सुईखाली कचकन फुटला. आता कुठलीच वडी आईला द्यायला मन धजत नाही. सगळा घाणा टाकून द्यावा का?

प्रतिसाद:

टाकू नका. एकूण सोडा तेलांना लागतो त्यापेक्षा कमीच आहे, तो नीट मिसळला गेला नाही एवढंच. हातमोजे घालून सगळ्या वड्या किसा, थोडं पाणी घालून मंद आचेवर एकजीव होईपर्यंत शिजवा, खडा राहिला नाही ना ते बघा आणि पुन्हा साच्यात भरा. आता दही नको, शिजताना करपेल. जिभेची चाचणी पुन्हा करा आणि 4 ते 6 आठवडे मुरू द्या. मग आधी स्वतःच्या हातावर वापरून बघा, नंतर आईंना द्या.