७५ च्या वेगाला जिप्सी सीटखालून थरथरते, इंदुरात शाफ्ट कुणाला दाखवावा?

नारायणबाग:
नमस्कार मंडळी. बाबांची २००१ ची जिप्सी किंग आहे, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली). ६५ च्या पुढे सीटखालून थरथर सुरू होते, ७५ ला अगदी असह्य होते आणि ८५ ला बरीच ओसरते. स्टिअरिंग शांत, पण आतल्या आरशात मागची गाडी ओळखू येत नाही. एका वर्कशॉपनं चारही चाकं बॅलन्स करून दिली, काही फरक नाही. आता म्हणतात, चाकांकडे जोर नेणाऱ्या तिन्ही शाफ्टचे क्रॉस (टोकांचे फिरते सांधे), फाउंडेशन रबर (इंजिनाखालचे), पिनियन बेअरिंग (ॲक्सलच्या तोंडातलं) सगळंच नवं टाका. गाडी विकायची नाही. पण अंदाजपंचे सामान टाकत बसायची इच्छा नाही. काय करू? आणि शाफ्टचं काम कुणाला देऊ?

महूकर:
ताई, रिव्हर्स टाकून क्लच सोडताना खालून टक् असा आवाज येतो का? गाडी उंच केलेली आहे का?

नारायणबाग:
हो, हलका टक् येतो. आणि घेतली तेव्हापासूनच मागे लांब शॅकल (पाट्याच्या स्प्रिंगा चेसिसशी जोडणारे दुवे) आहेत.

लेथवाला:
ताई, सामान अजिबात घेऊ नका अजून. जिप्सीत गिअरबॉक्स वेगळा आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) वेगळी. म्हणून शाफ्ट तीन: दोघांमधला छोटा, एक पुढचा, एक मागचा. शोधायला हे फार सोयीचं आहे, कारण पुढचा-मागचा आळीपाळीनं काढून गाडी चालवता येते.

पहाटे सुपर कॉरिडॉरवर जा. ७५ ला आधी चौथ्यात, मग पाचव्यात चालवा. दोन्हीकडे थरथर सारखीच असेल तर इंजिन आणि क्लच सुटले. मग त्याच वेगाला न्यूट्रल करून गाडी नुसती धावू द्या. थरथर गेली तर ती जोर लागल्यावर येणारी आहे: क्रॉस, शाफ्टचा कोन, ट्रान्सफरचे रबर. तशीच राहिली तर बॅलन्स गेलाय किंवा शाफ्ट वाकलाय. हा न्यूट्रलचा प्रयोग सपाट रस्त्यावरच, मानपूर घाटात मुळीच नको.

फोनमध्ये कंपनं मोजायचं ॲप घ्या आणि फोन सीटच्या रेलवर घट्ट बांधा. २०५/७० आर १५ टायर असेल तर ७५ ला चाक सेकंदाला साधारण १० वेळा फिरतं, पुढचा-मागचा शाफ्ट ३७ ते ३९, आणि छोटा ५२ च्या वर, कारण हाय रेंजमध्येही (नेहमीच्या रस्त्याच्या) ट्रान्सफर वेग थोडा कमी करते. ॲपच्या आलेखात १० वर उंचवटा दिसला तर रिम किंवा टायर, ३८ च्या आसपास दिसला तर लांब शाफ्ट. क्रॉस किंवा कोनाची कटकट दुपटीवर येते, सेकंदाला ७५ च्या आसपास. बऱ्याच फोनना इतक्या वरचं नीट पकडता येत नाही. वेग जीपीएसचा धरा.

मग पुढचा शाफ्ट काढून चालवा. पुढच्या चाकांचे हब फ्री होणारे (चाक ॲक्सलपासून सुटं करणारे) नसतील तर टू-व्हीलमध्येही (जोर फक्त मागच्या चाकांना असताना) तो चाकांबरोबर फिरत असतो, हे पुष्कळ मिस्त्री विसरतात. फरक नाही पडला तर तो परत लावा, मागचा काढा, हब लॉक करून फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या गिअरमध्ये) फक्त पुढच्या चाकांवर चालवा. थरथर गेली तर चोर सापडला. मागचा शाफ्ट नसताना गाडी गिअरमध्ये उभी राहील असं समजू नका, चाकांना आधी दगड लावा.

काढण्यापूर्वी फ्लँज (बोल्टनं जोडायची चकती) आणि स्प्लाइन (आतबाहेर सरकणारा दातेरी जोड) दोन्हीवर पंचनं खूण करा. खडूची खूण ग्रीसमध्ये पुसली जाते. दोन्ही टोकांचे फोर्क (क्रॉस धरणारे दुबोटी भाग) एका रेषेत यायलाच हवेत. स्प्लाइन एक दात जरी चुकून बसली तरी नव्या क्रॉससकट थरथर कायम.

महूकर:
शाफ्ट हातात आला की क्रॉस चारही दिशांना हळू फिरवून बघा. खालून हलवून ढिला नाही वाटला म्हणून चांगला, असं नसतं. मधोमध अडकल्यासारखा झाला तर आत बेअरिंगच्या सुया रुतल्यात. कप उघडला की ग्रीसच्या जागी तांबूस भुकटी निघते आणि क्रॉसच्या पायावर बारीक उभ्या रेघा असतात, नखाला लागतात.

सांवेररोड:
माझा संशय शॅकलवर. लांब शॅकलनं पाटे कलतात, त्याबरोबर ॲक्सल फिरतो आणि पिनियनचं तोंड बदलतं. ट्रान्सफरचा फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज समांतर हवेत, नाहीतर शाफ्ट दर फेऱ्याला दोनदा झटका देतो. फोनच्या लेव्हलनं दोन्ही मोजा, पण गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर ॲक्सल लोंबकळत असेल तर मोजमाप व्यर्थ. फरक असेल तर मूळ मापाचे शॅकल लावा. उंची हवीच असेल तर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर. लाकडी किंवा ॲल्युमिनियमचे तुकडे कुणी सुचवले तर ऐकू नका.

नारायणबाग:
खूप मदत झाली, दादा. क्रॉस बदलून बॅलन्सिंग कुठे करून घेऊ?

लेथवाला:
देवास नाका आणि ट्रान्सपोर्ट नगरकडे ट्रकचे शाफ्ट करणारे आहेत, तिथे चौकशी करा. जाऊन एकच विचारा: शाफ्ट मशीनवर फिरवून बॅलन्स करता का? ‘लेथवर सरळ करून देतो’ म्हणाले तर पुढे चला. सरळ असणं आणि बॅलन्स असणं वेगळं. देण्याआधी पाइपवरचा जुना चिखल आणि डांबर पूर्ण खरवडा, आणि बॅलन्ससाठी लावलेली एखादी चौकोनी पट्टी वेल्डमधून निघाल्याची खूण दिसते का बघा. क्रॉस आधी बसवून घ्या, बॅलन्स त्यानंतर. डायलवर (बाक मोजायच्या गेजवर) पाइप अर्ध्या-पाऊण मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर पाइपच बदलावा लागेल.

महूकर:
आणि ट्रान्सफरचे तिन्ही रबर बघितल्याशिवाय शाफ्ट परत चढवू नका. रबराला चीर असेल तर कुणीतरी गिअर टाकत असताना खालून बघा, ट्रान्सफर उचललेली दिसते. तो टक् तिथलाच असू शकतो.