कोरड्या डोळ्यांना डेली लेन्स: पाणी जास्त असलेली घ्यावी की कमी?

अकोल्याची बाई

नमस्कार मंडळी. मी अकोल्याला शाळेत शिकवते, वय 36. उजव्या डोळ्याचा नंबर -5.50, डाव्याचा -4.75 आणि त्यावर -0.75 सिलिंडर. शाळेत चष्माच असतो, लेन्स लागतात त्या नाटकासाठी. आमचा संघ राज्य नाट्य स्पर्धेत उतरतो. यंदा माझ्याकडे शंभर वर्षांपूर्वीच्या बाईची भूमिका आहे, तिला चष्मा चालणार नाही. आणि चष्म्याशिवाय मला रंगमंचाची कडसुद्धा दिसत नाही.

तीन वर्षं मंथली लेन्स वापरल्या, दोन्ही डोळ्यांना साध्याच. पहिलं वर्ष छान गेलं. आता दोन तासांत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं. लाईट अंगावर आले की समोरचं धूसर होतं, दोन-तीनदा पापण्या मिटल्या की पुन्हा साफ. घरी येऊन काढायला जावं तर लेन्स चिकटून बसलेली असते. मागच्या आठवड्यात तालमीत इतकी टोचली की ग्रीनरूमच्या नळाखाली धुतली आणि परत घातली.

शाळेला रोज स्कूटीवरून 18 किलोमीटर जाते. बारा महिने सर्दी, म्हणून रात्री सेटिरिझिनची गोळी चालू आहे.

दुकानात दोन डेली दाखवल्या, एकदा घालून टाकून द्यायच्या. एकीवर पाणी 69 टक्के लिहिलंय, दुसरीवर 38. माझे डोळे कोरडे, म्हणजे 69 वालीच घ्यायला हवी ना? मग 38 वाली महाग का? प्रयोगाला सात आठवडे आहेत. कुणी वापरल्या असतील तर कृपया सांगा.

ठाण्याहून

ताई, तुमच्यासारखंच माझं दोन वर्षं चाललं होतं. फरक इतकाच की मला लेन्स घालताक्षणी चुरचुरायचं, नंतर कमी व्हायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की लेन्स नाही, ती धुवायचं-ठेवायचं सोल्युशन सोसत नाहीये. डेलीवर आले तेव्हापासून सोल्युशनच नाही आणि चुरचुरही नाही. तुम्हाला कधी टोचतं ते नीट बघा, घालताना की उशिरा.

चष्मेघर (नाशिक)

ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, एकोणीस वर्षं लेन्स बसवतोय. टक्केवारीकडे येतोच, पण आधी नळाचं बोलतो. नळाचं पाणी, बोअरचं, फिल्टरचं, कुठलंच पाणी लेन्सला लागता कामा नये. पाण्यात अकँथामीबा नावाचा जीव असतो. तो लेन्सखाली अडकून बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात शिरला तर महिनोन्महिने औषधं घालावी लागतात आणि तरी नजरेवर डाग राहू शकतो. ती जोडी आजच टाका, डबीसुद्धा. डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा लेन्स काढूनही लाली उतरत नसेल, तर दुकानात जाऊ नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

आता पाणी. टक्का म्हणजे भिजलेल्या लेन्सच्या वजनात पाणी किती. ते पाणी डोळ्याला मिळत नाही, ते लेन्सचं असतं. स्कूटीचा वारा, विदर्भातली कोरडी हवा, स्टेजचे दिवे यांत लेन्समधलं पाणी उडू लागतं आणि तिचा ओलावा टिकवायला तुमचेच अश्रू खर्ची पडतात. भरपूर पाण्याच्या लेन्सला ते जास्त जाणवतं. म्हणून कोरड्या डोळ्याला जास्त पाण्याची लेन्स हा हिशोब ऐकायला बरोबर वाटतो, पण अनेकदा उलटा पडतो.

69 टक्केवाली म्हणजे बहुधा नेलफिल्कॉन ए, जुन्या पद्धतीचं हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारं मऊ प्लास्टिक. त्यात ऑक्सिजन पाण्यातून जातो, म्हणून पाणी जास्त ठेवावं लागतं. 38 वाली सेनोफिल्कॉन ए असावी, ती सिलिकॉन हायड्रोजेल. तिथे ऑक्सिजन मुख्यतः सिलिकॉनमधून जातो, पाणी कमी असलं तरी अडत नाही. ती महाग असते ते या साहित्यामुळे. तिसरा एक प्रकारही आहे, डेलेफिल्कॉन ए. तिच्या गाभ्यात 33 टक्के पाणी आणि पृष्ठभागावर 80 च्या वर. माझ्याकडच्या कोरड्या डोळ्यांच्या बऱ्याच लोकांचं तिच्यावर जमलं, पण ती आणखी महाग आणि मऊ, बोटावर नीट उभी राहत नाही.

मात्र ऑक्सिजन जास्त म्हणजे आराम जास्त, असं समजू नका. सिलिकॉनची लेन्स न सोसलेले आणि साध्या हायड्रोजेलवर चार तास मजेत काढणारे लोक मी पाहिलेत. म्हणून माझी पद्धत अशी: ट्रायल लेन्स मागा आणि उजव्यात एक जात, डाव्यात दुसरी जात घालून पूर्ण तालीम करा. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. दुकानातल्या खुर्चीत दहा मिनिटं सगळ्याच लेन्स चांगल्या वाटतात.

तुमच्या लिहिण्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की पापणी मिटली की साफ दिसतं. सिलिंडरमुळे धूसर असतं तर मिटूनही तसंच राहिलं असतं. मिटल्यावर साफ होतं म्हणजे अश्रूंचा थर लवकर फाटतोय. तो का फाटतोय हे न बघता लेन्स बदलली तर वर्षभरात याच जागी परत याल. डॉक्टरांकडे दोन गोष्टी करून घ्या. एक शर्मर, खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं अडकवतात आणि किती मिलिमीटर भिजली ते मोजतात. दुसरी, पिवळा रंग घालून निळ्या उजेडात थर किती सेकंदांत फाटतो ते बघणं. त्या दिवशी चष्मा घालून जा, तो रंग लेन्सला लागला की निघत नाही. सेटिरिझिनचंही सांगा, त्या गोळीने अश्रू कमी होऊ शकतात. आपल्या मनाने मात्र बंद करू नका.

मेकअपची पेटी

मी नाटकांचा मेकअप करते, माझ्या बाजूचं सांगते. आधी हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा, मग लेन्स, मग मेकअप. उतरवताना आधी लेन्स, मग क्रीम. काजळ पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर अजिबात नको, केसांच्या बाहेरून लावा. तिसऱ्या रांगेतून तेवढंच काळं दिसतं. पावडर मारताना डोळे मिटा आणि पफ खाली जाईपर्यंत उघडू नका.

अकोल्याची बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. ती जोडी आणि डबी त्याच रात्री टाकली. शनिवारी डॉक्टरांकडे जाऊन आले. पडद्यावर जखम नाही हे ऐकलं तेव्हा खरंच जीव भांड्यात पडला.

शर्मर 16 मिलिमीटर आलं, म्हणजे पाणी पुरेसं आहे म्हणाले. पण थर उजव्यात 4 सेकंदांत फाटतो, डाव्यात 5. मग त्यांनी खालची पापणी अंगठ्याने दाबून मोबाईलवर फोटो दाखवला. कडेला बारीक छिद्रं असतात हे मला माहीतच नव्हतं. त्यांतून तेलासारखं पातळ यायला हवं, माझ्या तिथून टूथपेस्टसारखे पांढरे कण आले. घरी येऊन नाक शिंकरलं तर रुमाल पिवळा! घाबरून फोन केला, तर म्हणाले डोळ्यातला रंग नाकातच उतरतो.

महिनाभर रात्री शेक, मग पापणीची कड पुसायची. सर्दीसाठी गोळीऐवजी नाकाचा स्प्रे दिलाय. शेक कसा द्यायचा ते घाईत नीट विचारायचं राहिलं.

चष्मेघर (नाशिक)

म्हणजे अश्रूंवरचं तेल कमी पडतंय, त्यामुळे पाणी असूनही उडून जातं. मला तीच शंका होती. हे शेकाने पुष्कळ सुधारतं.

ओला रुमाल मिनिटभरात गार होतो, त्याने काम होत नाही. स्वच्छ सुती रुमालात मूठभर कोरडे तांदूळ बांधून पुरचुंडी करा, तव्यावर शेका, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. सोसेल इतकीच गरम हवी. मिटलेल्या डोळ्यांवर आठ-दहा मिनिटं ठेवा, गार झाली की पुन्हा शेका. मग बोटाने वरची पापणी खाली आणि खालची वर, अशी हलकी चोळा. बुबुळ दाबायचं नाही. डोळ्यात लेन्स असताना शेक नाही.

थेंब घ्याल तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले, एकेका वेळेच्या छोट्या कुप्या मिळतात त्या. बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्वेटिव्ह असलेले थेंब मऊ लेन्समध्ये शोषले जातात आणि डोळ्याला लागत राहतात. लाली घालवणारे थेंब तर आणूच नका.

नंबराचं एक. चष्मा डोळ्यापासून दूर असतो, लेन्स चिकटून, म्हणून -5.50 ला लेन्स साधारण -5.25 येईल आणि -4.75 ला -4.50. दुकानदाराने चष्म्याचाच नंबर दिला तर थांबवा. डाव्याला -0.75 ची टोरिक, म्हणजे सिलिंडरचा नंबर असलेली लेन्स, मिळते का तेही विचारा.

आणि डेली म्हणजे एकदाच. प्रयोग दोन तासांचा झाला म्हणून पाकिटातल्या पाण्यात परत ठेवायची नाही. त्यात जंतू मारणारं काही नसतं.

ठाण्याहून

खर्चाचं वाटत असेल तर ताई, आठवड्याला दोनदा घालणाऱ्याला मंथली तशी स्वस्त पडत नाही. पाकीट फोडलं की तीस दिवस सुरू, डबीत पडून असली तरी.

अकोल्याची बाई

साडेपाच आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफ करा. शेक एकही रात्र चुकवला नाही. तपासणीत थर आता 8 आणि 9 सेकंद टिकतो.

ट्रायलच्या दोन्ही तालमी तुम्ही सांगितलं तशा केल्या. पहिल्या दिवशी उजव्यात 38 वाली, डाव्यात 69 वाली. दुसऱ्या अंकात माझं लांब स्वगत आहे, त्यात मी प्रेक्षकांकडे बघत उभी असते. डावा डोळा तिथे टोचायला लागला, उजव्याची आठवणही झाली नाही. दुसऱ्या दिवशी अदलाबदल केली तर टोचणारा डोळा उजवा. एवढं स्पष्ट उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. दिग्दर्शकांना सांगून स्वगतात दोन ठिकाणी मान खाली घालायची हालचाल घेतलीय, तिथे पापण्या पूर्ण मिटून घेते.

38 वालीच घेतली, डाव्याला टोरिक. तिची आठ दिवस वाट बघावी लागली. दोन्ही नंबर वेगळे म्हणून तीस-तीसची दोन खोकी, त्यांवर मार्करने मोठं उ आणि डा लिहिलंय. आता तालमीला चष्मा, लेन्स फक्त रंगीत तालमीला आणि प्रयोगाला.

प्रयोग पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सातला. मी सहाला लेन्स घालणार होते, पण मेकअपला दोन तास लागतात असं कळलं. तुम्ही सांगितलेल्या क्रमाने लेन्स पाचच्या आधीच घालावी लागेल का, की डोळ्यांचा मेकअप सगळ्यात शेवटी करून घेता येईल?

मेकअपची पेटी

शेवटी घेता येतो. आधी चेहरा, मान, केस उरकायला सांगा, सहाला हात धुवून लेन्स घाला आणि मग डोळे. पंधरा मिनिटं पुरतात. फक्त चेहऱ्याची पावडर मारून झाल्यावर ती खाली बसू द्या, मगच लेन्सचं पाकीट फोडा.